सत्त्याण्णव टक्क्यांवर अडलेला जागर

"माझा नवरा जाऊन दीड महिना झाला," आग्लाया झाहारिया म्हणाली, "आणि तो अजून गाणी वाटतोय."

नेकुलाय आर्हिरे चहा ओतत होता. अर्धा कपात पडला, अर्धा बशीत.

"वाटतोय म्हणजे?"

"भावजी, आधी चहा," सांदा म्हणाली. "भूत कुठं पळून जात नाही."

नेकुलायने रोमानियातल्या याश शहरात सव्वीस वर्षे ट्राम हाकली होती. रूळ सोडून जायची सवय त्याला नव्हती, विचारातसुद्धा. थोरला भाऊ वारला तेव्हा त्याची बायको, वहिनी सांदा, टेलिफोन एक्स्चेंजमधली बावीस वर्षांची नोकरी सोडून खासगी तपासाच्या धंद्यात पडली होती. तिची मोटार चालवायला आणि चहा करायला म्हणून नेकुलाय आला तो तिथलाच झाला. लोक काय बोलतात यापेक्षा कुठे अडखळतात ते सांदा ऐकायची. नेकुलाय मात्र जे बोलतात तेच ऐकायचा, आणि त्यातलेही निम्मे.

आग्लाया साठीची होती, डोक्याला काळा रुमाल. बोलताना ती पर्सचा पट्टा पिळत होती.

तिचा नवरा एमिल नाट्यगृहात ध्वनियंत्रणा सांभाळायचा. तीस वर्षे सुट्टी मिळाली की टेपरेकॉर्डर खांद्याला लावून तो खेडोपाडी हिंडला. म्हाताऱ्या बायका मयताला रडताना जी गाणी म्हणतात ती त्याने टेपांवर घेतली. निवृत्त झाल्यावर साऱ्या टेपा कॉम्प्युटरवर चढवल्या आणि लोकांना वाटायला सुरुवात केली.

"तातारश वस्तीतल्या आमच्या पाच इमारतींचं स्वतःचं जाळं आहे," आग्लाया म्हणाली. "लोकांनी वर्गणी काढून गच्चीवरून गच्चीवर वायरी टाकल्या. ज्याच्याकडे जे आहे, सिनेमे, गाणी, पुस्तकं, ते उघडं ठेवायचं. हवं तेवढं घ्या, पण घेताय तसं द्या. हा नियम एमिलनंच घातला. यादीत त्याचं नाव 'घुबड'. त्याचं यंत्र दिवसरात्र चालू. मी म्हणायची, अरे, विजेचं बिल काय तुझा बाप भरतो?"

"आणि गेले कसे ते?"

"गच्चीवर. एकवीस जानेवारीला, शनिवारी सकाळी सापडला. लिफ्टच्या खोलीच्या शिडीवरून पडून खुब्याचं हाड मोडलं आणि तिथंच गारठून गेला. डॉक्टरनं लिहिलंय, पहाटे पाच ते सहाच्या दरम्यान. सगळे म्हणतात, वायरीवरचं बर्फ झाडायला पहाटे वर गेला असेल."

"तुम्ही कुठं होतात?"

आग्लायाने पट्टा सोडला. "गुरुवारी आमचं भांडण झालं. रविवारच्या बाजारात मला एक सीडी मिळाली होती. याचीच गाणी, कुणीतरी विकत होतं! ती त्याच्यापुढं आपटली. म्हटलं, तू फुकट वाट, आणि लोकांनी त्यावर बंगले बांधावे. तो गप्प बसला. तो गप्प बसला की माझं डोकं फिरतं. मी बॅग भरली, बहिणीकडे जायला निघाले आणि दारातून म्हणाले, मर त्या वायरींमध्ये!"

तिने पट्टा पुन्हा हातात घेतला.

"लोक कुजबुजतात की तो मुद्दाम थंडीत जाऊन पडला. आणि आता तो येतो. अठ्ठावीस जानेवारीला संध्याकाळी यादीत 'घुबड' दिसलं, तासभर. पुन्हा अठ्ठावीस फेब्रुवारीला. शेजारी माझ्याशी जिन्यात बोलत नाहीत. बाई, मला भुताची भीती नाही. चाळीस वर्षं त्याच्याबरोबर काढली, मेल्यावर काय घाबरू? मला एवढंच सांगा, तो माझ्या बोलण्यापायी मेला का?"

---

शनिवारी दुपारी दोघे तातारशला पोचले. मार्च लागला होता, तरी इमारतीच्या सावलीत काळपट बर्फ साचून होते. बायकांच्या कोटांवर एक मार्चला लावायच्या लालपांढऱ्या दोऱ्या अजून होत्या.

"वहिनी, मला सापडलं," नेकुलाय जिन्यात म्हणाला. त्याने घर क्रमांकाच्या पाटीकडे बोट दाखवले. "अठ्ठावीस नंबरचं घर! आणि भूतही अठ्ठावीस तारखेलाच येतं."

"मग सत्तावीस नंबरवाल्यांचं आदल्या दिवशी येत असेल. चला वर."

घरातला आरसा अजून चादरीने झाकलेला होता. मृत्यूनंतर चाळीस दिवस झाकतात. चाळीस उलटले होते, पण आग्लायाला चादर काढायचा धीर झाला नव्हता. कोपऱ्यात एमिलचा कॉम्प्युटर होता, त्यावरही रुमाल.

"मी हात लावलेला नाही," ती म्हणाली. "बटण दाबलं आणि तो बोलला तर?"

सांदाने नेकुलायकडून पेटीचे झाकण उघडवले. आत धूळ, वायरी, आणि मधोमध एक चौकोनी रिकामी जागा. चार स्क्रू तळाशी पडलेले.

"हार्ड डिस्क नाही. ज्यात गाणी आणि यादीतलं नाव असतं तीच."

"भुतानं नेली?" नेकुलायचा हात छातीवर क्रूस करायला निघालाच होता.

"भुताला पेचकस कशाला लागतो, भावजी? जिवंत माणसानं काढलीय." ती आग्लायाकडे वळली. "आता एमिलच्या नावानं जो येतो, त्याच्याकडे ती डिस्क आहे. त्या गुरुवारची सीडी आहे?"

सीडी कपाटात होती. सांदाने ती पर्समध्ये टाकली.

---

जाळे सांभाळणारा दोरेल कझाकू पहिल्या मजल्यावर राहायचा. पस्तिशीचा, हसरा, बोटांना वायरींचे ओरखडे. आग्लायाने दिलेली कोलिव्याची वाटी नेकुलायने त्याच्यापुढे धरली. कोलिवा म्हणजे मयताच्या नावाने वाटायचा गोड गहू. असे दान म्हणजे पोमाना, इथे वाटलेले तिकडे मेलेल्याला पोचते म्हणतात.

दोरेलने हात जोडले. "माफ करा काका. आमच्या पंथात मेलेल्याच्या नावानं दिलेलं खात नाहीत. मेला तो झोपला, त्याला काही पोचत नाही. आग्लायाकाकूंना नवव्या दिवशीही हेच सांगितलं, त्या रुसल्या."

"एक मोठी कंपनी जाळं विकत घ्यायला आलीय म्हणे," सांदा म्हणाली.

दोरेलचे हसू आखडले. "आलीय. मी म्हटलं, विकू या. किती वर्षं मी एकट्यानं शिड्या चढायच्या? एमिलकाका म्हणाले, वर्गणीतून टाकलेली वायर कुणा एकाची नाही, विकणार कोण? भांडलो आम्ही. पण बाई, त्यासाठी कुणी माणूस मारतं?"

"मारलं असं मी म्हटलं का?"

तो ओशाळला.

"त्यांचं नाव यादीतून कधी गेलं?"

"शुक्रवारी. पावणेआठला. मी समोरच होतो. घुबड कधी जायचं नाही, म्हणून लक्षात राहिलं. आम्ही सगळे 'वालेया रेचेचा जागर' उतरवत होतो. एका खेड्यातला मयताजवळचा रात्रभराचा जागर, सहा तासांचा. तो फक्त काकांकडेच. सत्त्याण्णव टक्क्यांवर आलो आणि धाड! सगळे तिथंच अडकले. वाटलं, बर्फानं वायर तुटली. पण उणे आठ होतं बाहेर. म्हटलं, सकाळी बघू." तो थांबला. "सकाळीच बघितलं."

"सांगा."

"नऊ वाजता गच्चीच्या दाराची कडी काढली आणि ढकललं, तर दार उघडेना. मागं काहीतरी अडकलेलं. जोर लावला. ते काकाच होते. मेंढीच्या कातड्याचा कोट घातलेला, पाठ दाराला. काकूंना हे सांगितलं नाही मी. पोलिसांनी दोन ओळी लिहिल्या आणि गेले."

"आणि ते घुबड परत आलं तेव्हा?"

"बाई, माझा भुतांवर विश्वास नाही. पण अठ्ठावीस जानेवारीला टक्के हलले. सत्त्याण्णवाचे अठ्ठ्याण्णव. परवाच्या अठ्ठावीसला नव्व्याण्णव. जिन्यात लोक म्हणतात, शंभर झाले की तो कुणालातरी घेऊन जाणार. दोघांनी तर वायरी उपटून टाकल्या."

सांदाने सीडी पुढे केली. दोरेलने ती यंत्रात घातली, यादी बघितली, मग शेवटच्या भागावर नेली. एका म्हातारीचा थकलेला आवाज खोलीभर पसरला. मेलेल्या पोराला ती उठवत होती, पहाट झाली, गुरं सोडायचीत, ऊठ. आवाज हळूहळू बारीक झाला आणि कोंबडा आरवला. नेकुलायच्या अंगावर काटा आला.

"हा शेवट!" दोरेल पांढरा पडला. "हा कुणाकडेच नाही. आम्ही कुणीच इथवर पोचलो नाही. ही सीडी कधीची?"

"भांडणाच्या आधीची. म्हणजे एमिल जिवंत असतानाची. तुमच्या या यादीत देण्याघेण्यात लबाडी होते का हो?"

"होते की. आता हारालांबकाकांचंच घ्या. दुसऱ्या मजल्यावरचे, नाट्यगृहात ट्रंपेट वाजवायचे, एमिलकाकांचे जिवलग. उघडं ठेवल्याशिवाय आत घेत नाही ना आम्ही, तर त्यांनी ढीगभर ठेवलंय. उघडून बघा, आत काही नाही. लोणच्याच्या बरण्यांना नुसत्या चिठ्ठ्या, बरण्या रिकाम्या. एमिलकाका म्हणायचे, असू दे, म्हातारा आहे, त्याला घेऊ दे."

---

सर्वांत वरच्या मजल्यावर, गच्चीच्या दाराखाली, इमारतीच्या व्यवस्थापक मादाम प्रिसाकारू राहायच्या. त्यांनी कोलिवा घेतला, "बोग्दाप्रोस्ते, देव त्याला क्षमा करो" म्हटले आणि उभ्यानेच खायला सुरुवात केली.

"ती वायर मी घरात येऊ दिली नाही," त्या म्हणाल्या. "सैतान येतो त्यातून. आता आलाच ना? मला तर आधीच कळलं होतं."

"कसं?"

"मरण सांगून येतं बाई! शुक्रवारी रात्री मी गोळी घेऊन पडले होते. वर ठकठक. थांबायचं, पुन्हा ठकठक. आणि खरवडल्यासारखं. मी तीनदा क्रूस केला आणि उशीत तोंड घातलं. म्हटलं, या घरातून कुणीतरी जाणार. सकाळी एमिल! माझी आजीही अशीच ऐकायची."

सांदाचा चेहरा हलला नाही. नेकुलायला मात्र वाटले, तिने श्वास रोखला.

"गच्चीच्या दाराची कडी आतून, जिन्याच्या बाजूनं ना?"

"हो. मीच पाटी लावलीय, कडी लावा, वारा येतो. थंडीत मी वर पाऊल टाकत नाही, गुडघे साथ देत नाहीत. पण लोक शिकलेत आता, लावतात हो. एवढी वर्षं घसा कोरडा केला."

मग त्यांनी सगळ्या इमारतीची झडती घेतली. चौथ्या मजल्यावरची सून, दोरेलचा नवा पंथ, लिफ्टमध्ये सिगरेट ओढणारे. "आणि तो हारालांब! कौतुक वाटलं होतं हो मला. सख्ख्या भावासारखी दाढी वाढवली, म्हणाला चाळीस दिवस वस्तरा लावणार नाही. आणि एक मार्चला, ऐन चाळिसाव्याच्या जेवणाला, गुळगुळीत होऊन हजर! आग्लाया बिचारी वाढत होती, तिच्या लक्षात नाही आलं. एक दिवस धीर नाही निघाला? आजकाल दुःखसुद्धा घाईघाईत करतात."

---

हारालांबच्या घरात कापूर आणि जुन्या वह्यांचा वास होता. ट्रंपेट भिंतीवर टांगलेला. माणूस सत्तरीचा, लांबोडका, हनुवटीवर वस्तऱ्याची एक ताजी खूण. एमिलचे नाव निघताच त्याचे डोळे भरले, आणि ते खोटे नव्हते. नेकुलायला तो एकदम आवडला.

"रोज संध्याकाळी आम्ही बुद्धिबळ खेळायचो, त्याच्याकडे. एक डाव त्याचा, एक माझा."

"त्या शुक्रवारीही?"

"नाही. आग्लाया भांडून गेली होती, त्याचं मन नव्हतं. गुरुवारीच शेवटचं भेटलो."

"भांडून गेली हे कुणी सांगितलं?"

"त्यानंच. गुरुवारी."

"ती गाणी तुम्हाला वायरीवरून मिळायची?"

"छे! माझं यंत्र मरतुकडं. तोच सीडी भरून हातात द्यायचा. म्हणायचा, हारालांब, तू ऐक, तुझा कान चांगला आहे." तो रडू लागला. "असं देणारा माणूस पुन्हा होणे नाही, बाई."

खाली आल्यावर नेकुलाय म्हणाला, "दोरेल. कंपनीचा पैसा, गच्चीची माहिती, भुताचं नाटक. लोक घाबरले की जाळं विकायला तयार होतील. बरोबर ना?"

"सगळं बरोबर जुळतंय," सांदा म्हणाली. "म्हणूनच मला ते आवडत नाही. उद्या रविवार आहे. आग्लायाबाईंना सांगा, तिघांना जेवायला बोलवा."

---

दुसऱ्या दिवसापासून ईस्टरआधीचा मोठा उपवास लागणार होता. उपवासाआधीच्या या रविवारी माणसे एकमेकांची क्षमा मागतात. दारातून येणारा प्रत्येक जण आग्लायापुढे मान लववत होता. दोरेल नुसता हसला. मादाम प्रिसाकारूंनी क्षमा मागितली आणि लगेच विचारले की चीज कुठल्या दुकानातले.

हारालांबने तिचे दोन्ही हात धरले. "मला क्षमा कर, आग्लाया. चुकलो असेन तिथं."

"देव करो, मीही करते," ती म्हणाली. तशी रीत आहे.

जेवण झाले. सांदाने उठून आरशावरची चादर काढली. सगळे दचकले.

"एमिल इथं येत नाही," ती म्हणाली. "येणारा जिवंत आहे, आणि या टेबलाशी बसलाय. मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, एमिल गच्चीवर कधी गेला."

"पहाटे," मादाम प्रिसाकारू म्हणाल्या.

"पहाटे गेलेला माणूस दार उघडून गेला असता, मग नऊ वाजता लागलेली होती ती कडी कुणी लावली? ती जिन्याच्या बाजूनं लागते. गच्चीवरच्या माणसाला लावता येत नाही. मेंढीच्या कातड्याचा कोट घातलेला माणूस घटकाभरात गारठतही नाही. तो आदल्या संध्याकाळीच वर होता. तुम्ही ऐकलेली ठकठक मरणाची नव्हती, मादाम. एमिलची होती."

मादाम प्रिसाकारूंच्या हातातला काटा खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही.

"शिडीवरून पडला, खुबा मोडला, शुद्ध गेली. शुद्ध आली तेव्हा दारापर्यंत सरपटत आला. दाराला कडी. तो रात्रभर वाजवत होता." ती आग्लायाकडे वळली. "तुम्ही विचारलं होतंत, तो मरायला गेला का. मरायला गेलेला माणूस दार वाजवत नाही, बाई. त्याला खाली यायचं होतं."

आग्लायाने तोंडावर रुमाल दाबला. तिच्या घशातून जो आवाज आला त्यात रडणे होते, पण सुटका जास्त होती. सांदा तो ओसरेपर्यंत थांबली.

"दुसरी गोष्ट. त्याच्याबरोबर वर कोण होतं? ज्यानं खाली येऊन सवयीनं कडी लावली आणि या उघड्या घरातून पावणेआठला डिस्क काढली, तो. बाजारातल्या सीडीत त्या जागराचा शेवट आहे, जो जाळ्यावर कुणालाच मिळाला नव्हता. म्हणजे विकणाऱ्याला तो वायरीवरून मिळाला नाही. हातात मिळाला."

दोरेलने मान वळवून हारालांबकडे पाहिले.

"एमिलनं तो शेवट किती जणांना दिला असेल," हारालांब म्हणाला.

"असेल. म्हणून तिसरी गोष्ट. भूत अठ्ठावीस जानेवारीला आलं आणि अठ्ठावीस फेब्रुवारीला. लोकांनी तारीख धरली. आमचे भावजी घराचा नंबर धरून बसले. मी दिवस मोजले. एमिलचा नववा एकोणतीस जानेवारीला झाला आणि चाळिसावा एक मार्चला, शनिवारपासून मोजून. भूत दोन्ही वेळा एक दिवस आधी आलं. शुक्रवारपासून मोजा, शुक्रवार पहिला. अठ्ठावीस जानेवारी नववा येतो. जानेवारीचे बारा आणि फेब्रुवारीचे अठ्ठावीस, चाळीस!"

नेकुलायची बोटे टेबलाखाली हलत होती. चाळीस भरले.

"त्याला घाबरवायचं नव्हतं. तो नवव्याला आणि चाळिसाव्याला, मेलेल्याच्या नावानं, मेलेल्याची गाणी वाटत होता. ही पोमाना होती. दोरेलचा पोमानावर विश्वास नाही, तो कोलिव्याची वाटीसुद्धा घेत नाही. मादामच्या घरात वायर नाही. आणि या इमारतीत एकाच माणसानं आपले चाळीस दिवस एक दिवस आधी संपवले. हारालांब, दाढी कधी काढलीत?"

हारालांबचा हात आपोआप हनुवटीकडे गेला.

"मंगळवारी," तो म्हणाला. "संध्याकाळी. चाळीस भरले तेव्हा."

मग त्याने स्वतःचे शब्द ऐकले.

तो बोलू लागला, हळू आवाजात, टेबलाकडे बघत.

"त्यानं सीडी माझ्यापुढं ठेवली. ओरडला नाही. म्हणाला, चल, वायर झाडू, वर बोलू. शिडीवर चढला आणि तिथून म्हणाला, हारालांब, तू मागितली असतीस तर मी तुला पैसेही दिले असते. फुकट घेतलंस त्याचं मला काही नाही. पण त्या बायकांनी आपली मेलेली पोरं मला दिली, ती तू विकलीस. मला सहन झालं नाही. मी शिडी हलवली. ढकलला नाही, हलवली फक्त. गप्प बस म्हणून."

"आणि मग?"

"डोक्यातून रक्त. तीन हाका मारल्या. नाडी बघितली, बोटं बधिर झालेली, काही लागेना. तो मेला होता."

"आणि डिस्क?"

"तीनशे टेपा होत्या तिच्यात. आग्लाया फेकून देईल असं वाटलं. नाही, खोटं कशाला बोलू. त्या हव्या होत्या मला. घरी नेल्या आणि एकही विकता आली नाही. लावली की म्हाताऱ्या रडायच्या, आणि मला वाटायचं त्याच्यासाठीच रडताहेत. म्हटलं, त्याचं आहे ते त्याच्या नावानं वाटू. तासाभरात भीती वाटायची, बंद करायचो."

"वहिनी," नेकुलाय घाईने म्हणाला, "पुरे. आता पुरे."

पण सांदाने पर्समधून डॉक्टरचा कागद काढला होता. "तुम्ही चुकीचा दिवस मोजलात, हारालांब. शनिवार हा सापडल्याचा दिवस म्हणून लिहिलेला नाही. तो शनिवारी गेला. पहाटे पाच ते सहाच्या दरम्यान."

हारालांबने कागद घेतला. त्याचे ओठ वाचताना हलले. पुन्हा पहिल्यापासून हलले.

"तो मेला होता," तो म्हणाला. "मी हाका मारल्या."

तो खुर्चीतून उठला, आग्लायापुढे गेला आणि गुडघ्यांवर बसू लागला. तिने हात पुढे करून त्याला अडवले.

"दारात मी तुला क्षमा केली, हारालांब. ती रीतीची होती, ती परत घेत नाही. ही मागू नकोस. ही माझ्याकडे नाही."

---

पोलीस ठाण्यात जायला त्याने नकार दिला नाही. डिस्क स्वतः घरातून आणली, स्वच्छ पंच्यात गुंडाळलेली. दोरेलने ती दोन्ही हातांनी घेतली.

मोटार नेकुलायने चालवली. सांदा आग्लायाजवळ थांबली होती. रस्त्यावर लोक उपवासाआधीचे शेवटचे चीज आणि अंडी घेऊन घरी निघाले होते, आणि शेजारी बसलेला म्हातारा समोरच्या काचेतून काहीच बघत नव्हता. नेकुलायला वाटले, याच्याशी काहीतरी बोलावे. काय बोलतात अशा वेळी, ते त्याला ठाऊक नव्हते.

पुलापाशी सिग्नल लागला.

"तुम्ही ट्राम चालवायचात ना?" हारालांबने विचारले. "वेळेचं तुम्हाला कळतं. पावणेआठपासून किती तास होतात हो ते?"

नेकुलायने मनातल्या मनात कधीच मोजले होते. सांगू नये असे त्याला फार वाटले. काही माहीत नाही म्हणता आले असते, नाहीतर चार म्हणता आले असते, पाच. पण म्हातारा वाट बघत होता, आणि नेकुलायला आयुष्यात कधी चुकीची वेळ सांगता आली नव्हती.

"दहा," तो म्हणाला.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या मोटारीने हॉर्न दिला तरी नेकुलायला गियर टाकायला थोडा वेळ लागला.